ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतंय, फक्त पॅड बदलू की डिस्कपण?

चाकधर

मंडळी जरा सल्ला हवाय. गाडी पेट्रोल हॅचबॅक, पुढे व्हेंटेड डिस्क (मधून वारा खेळणाऱ्या), मागे ड्रम. हल्ली असं होतंय की ताशी ऐंशीच्या वर असताना ब्रेक हलकेच दाबला की स्टिअरिंग हातात थरथरतं आणि जरा जोरात दाबला तर पेडललाही ठोके जाणवतात. ब्रेक सोडला की सगळं शांत. चाळीसच्या खाली काहीच नाही. शिवाय पुढच्या डाव्या चाकातून चालता चालता बारीक चीं असा आवाज येतो आणि गंमत म्हणजे ब्रेक दाबला की तो बंद होतो.

गॅरेजवाल्याने चाक न काढताच सांगून टाकलं की डिस्क वाकल्यात, पॅड आणि दोन्ही डिस्क बदला. मी चाकाच्या फटीतून टॉर्च मारून बघितलं तर बाहेरचा पॅड निम्मा तरी शिल्लक दिसतोय. मग प्रश्न असे की डिस्क खरंच वाकते का, पॅड निम्मे असताना टाकून द्यायचे का, आणि घ्यायचेच झाले तर ऑरगॅनिक, सेमी मेटॅलिक, सिरॅमिक यातले कुठले? भोकं पाडलेल्या आणि चिरा मारलेल्या डिस्कपण मिळतात, दिसायला भारी असतात, त्यांचा खरंच फायदा आहे का? मला पाना धरता येतो, ऑइल, फिल्टर, प्लग घरीच करतो, ब्रेकला मात्र अजून हात लावलेला नाही.

नट_बोल्ट

दादा एवढा विचार कशाला, पॅड आणि डिस्क जोडीनेच बदलायचे, विषय संपला. जुन्या डिस्कवर नवे पॅड म्हणजे नव्या पॅडची वाट. माझ्या गाडीला मी नेहमी दोन्ही एकदम टाकतो, कटकट नाही. आणि पॅड सिरॅमिकच घ्या, अलॉय काळे होत नाहीत.

मोजूनमाप

नट_बोल्ट यांच्याशी मी सहमत नाही, म्हणजे दोन्ही बदलावे लागतीलही, पण ते मोजल्यावर ठरतं, आधी नाही. चाक न काढता डिस्क वाकली म्हणणं म्हणजे नाडी न बघता औषध देणं.

चाकधर, तुमच्या वर्णनात दोन वेगवेगळे आजार आहेत असं मला वाटतंय, ते एकत्र करू नका.

पहिला, तो चीं आवाज. चालताना येतो आणि ब्रेक दाबला की थांबतो म्हणजे बहुतेक वेअर इंडिकेटर आहे. पॅडच्या मागच्या पत्र्याला एक छोटी वाकवलेली पट्टी असते, पॅड झिजत झिजत साधारण दोन-तीन मिलिमीटरवर आला की ती डिस्कला टेकायला लागते आणि मुद्दाम किंचाळते. आता तुम्ही म्हणाल बाहेरचा पॅड तर निम्मा आहे. बरोबर, पण तुम्ही बाहेरचाच बघितलात. आतला पॅड, पिस्टनच्या बाजूचा, फटीतून दिसतच नाही आणि बऱ्याच गाड्यांत इंडिकेटर आतल्याच पॅडला असतो. दोन पॅडमध्ये मोठा फरक निघाला तर कॅलिपर, म्हणजे पॅडना डिस्कवर दाबणारा चिमटा, नीट सरकत नाहीये असं समजा.

दुसरा, थरथर. स्टिअरिंग थरथरतं म्हणजे बहुधा पुढच्या डिस्क. (मागच्या चाकांचं असेल तर ते सीटमध्ये आणि पाठीला जास्त जाणवतं. आणि ब्रेक न दाबताच थरथरत असतं तर आधी टायर आणि बॅलन्सिंग बघायला सांगितलं असतं.) डिस्क वाकली असं सगळेच म्हणतात, पण बहुतेक वेळा ती पापडासारखी वाकलेली वगैरे नसते. होतं काय, की डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. एका ठिकाणी दोन-तीन शतांश मिलिमीटर कमी, दुसरीकडे जास्त. जाड भाग पॅडमध्ये आला की पिस्टन मागे ढकलला जातो, पातळ आला की पुढे येतो, तेच ठोके ब्रेक ऑइलमधून पेडलला आणि सस्पेन्शनमधून स्टिअरिंगला पोचतात. ०.०२ मिमीचा फरकसुद्धा वेगात हाताला कळतो.

हा फरक येतो कसा ते जास्त महत्त्वाचं आहे. एक म्हणजे डिस्क हबवर (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात तो मधला भाग) तंतोतंत सपाट बसलेली नसते, मध्ये गंजाचा कण राहिलेला असतो किंवा नट कसेही आवळलेले असतात. मग ब्रेक दाबलेला नसतानाही दर फेऱ्याला डिस्कची तीच जागा पॅडला चाटून जाते आणि तिथे हळूहळू झिजते. म्हणूनच नवीन डिस्क टाकल्यावर सुरुवातीला सगळं मस्त आणि काही हजार किलोमीटरनंतर परत थरथर, ही तक्रार इतकी ऐकू येते. दुसरं म्हणजे ब्रेक प्रचंड तापलेले असताना गाडी थांबवून पेडल दाबून ठेवायचं, मग पॅडचा माल डिस्कवर एका जागी चिकटतो आणि डाग पडतो. आणि तिसरं, अडकलेला कॅलिपर, जो पॅडला सुटूच देत नाही.

तर आधी चाक काढा आणि हे बघा. चारही पॅडची जाडी, आतला बाहेरचा दोन्ही, फक्त घासणारा माल मोजायचा, मागचा लोखंडी पत्रा धरायचा नाही. नवीन पॅडचा माल साधारण १० ते १२ मिमी असतो, ३ च्या जवळ आला की बदला, २ च्या खाली तर गाडी चालवूच नका. डिस्कच्या मधल्या टोपीवर किंवा कडेवर मिन टीएच असं लिहून पुढे आकडा असतो, ती कमीत कमी जाडी. डिस्कची जाडी बाहेरच्या कडेपासून बोटभर आत, फिरवून फिरवून सात-आठ ठिकाणी मोजा. साधा व्हर्नियर लावलात तर कडेला जो न झिजलेला कंगोरा उभा राहतो त्यावर तो बसतो आणि डिस्क आहे त्यापेक्षा जाड दाखवतो. दोन्ही बाजूंनी सारख्या जाडीचे वॉशर धरून मोजून ते वजा केले तर एकूण जाडी कळेल, पण शतांशातला फरक बघायचा तर मायक्रोमीटरच लागतो, कुणाकडून तरी मागून आणा.

आकडे इथे टाका, मग बोलू.

सावकाश_चाला

वरच्या उत्तरात एकच भर. ती कमीत कमी जाडी कंपनीने उगाच कोरलेली नाही. डिस्क ही फक्त घासायची थाळी नाही, ती उष्णता साठवते. दीड टनाची गाडी ताशी १०० वरून थांबवली की साधारण ५८० किलोजूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते, म्हणजे दीड लिटरपेक्षा जास्त पाणी साध्या तापमानावरून उकळीला येईल एवढी, आणि तीही काही सेकंदांत. वेग निम्मा केला तर ती चौथाई होते. यातला मोठा वाटा, सत्तर टक्क्यांच्या आसपास, पुढच्या दोन डिस्क उचलतात कारण ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे येतं. डिस्क पातळ झाली म्हणजे लोखंड कमी झालं, तेवढ्याच उष्णतेला ती जास्त तापणार, पॅड जास्त तापणार, शेवटी ऑइल उकळणार.

आणि ऑइलचं कुणी बोलतच नाही म्हणून सांगतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं. नवीन डॉट ४ (डॉट ही ब्रेक ऑइलची प्रत) कमीत कमी २३० अंशांना उकळतं, त्यात ३.७ टक्के पाणी गेलं की तीच मर्यादा १५५ वर येते. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे, आणि बुडबुडे दाबले जातात, मग लांब उतारावर पेडल थेट खाली. दोन वर्षांत बदललं नसेल तर याच कामात उरकून घ्या. झाकणावर जो डॉट लिहिलाय तोच टाका. डॉट ५ हा सिलिकॉनचा असतो, तो ३, ४ आणि ५.१ मध्ये मिसळत नाही, नावं सारखी वाटतात म्हणून लोक फसतात.

चाकधर

वा, एवढं सविस्तर उत्तर मिळेल वाटलं नव्हतं. सुट्टीला दोन्ही चाकं काढली. मायक्रोमीटर एका ओळखीच्या लेथवाल्याकडून आणला.

डावीकडे आतला पॅड २.५ मिमी, बाहेरचा ६. म्हणजे मोजूनमाप यांनी न बघता ओळखलं. उजवीकडे आतला ५, बाहेरचा ५.५.

डिस्कवर मिन टीएच २० लिहिलंय, नवीन २२ ची असते असं मॅन्युअल सांगतं. डावी २१.१२ ते २१.१६ च्या मध्ये हलते, उजवी सगळीकडे २१.३० किंवा २१.३१. डाव्या डिस्कवर तीन-चार ठिकाणी निळसर काळे डाग आहेत, ब्रेक क्लीनरने पुसले तर जात नाहीत. कॅलिपरच्या खालच्या पिनचं रबर फाटलंय आणि पिन हाताने सरकत नाही, वरची सरकते.

जाडी तर अजून २० च्या बरीच वर आहे. मग लेथवर डिस्क साफ करून घेतली तर चालेल ना? तो लेथवाला करून देतो म्हणाला.

काळेहात

बरीच वर्षं गॅरेजात काढलीत म्हणून या प्रश्नात तोंड घालतो. तुमचं निदान झालंय आता. पाणी फाटलेल्या रबरातून आत गेलं, पिन गंजून धरली, कॅलिपर एका बाजूने अडकला. हा तरंगता कॅलिपर असतो, पिस्टन फक्त आतल्या बाजूला. पिस्टन आतल्या पॅडला ढकलतो आणि त्याच्या उलट्या धक्क्याने अख्खा कॅलिपर पिनांवर सरकून बाहेरच्या पॅडला ओढतो. पिन धरली की सरकणं बंद, सगळा भार आतल्या पॅडवर, तो सुटतही नाही, रात्रंदिवस घासतो, डिस्क एकाच बाजूने तापते. तुमची डिस्क रोगी आहे पण रोग तिचा नाही.

आता लेथचं. जाडीत फरक ०.०४, तो काढायला दोन्ही बाजू मिळून दोन-तीन दशांश जातील, २०.८ च्या वर राहील, आकड्यात बसतंय. साधी झिजलेली डिस्क असती तर मी हो म्हटलं असतं. पण ते निळे डाग बघून नाही म्हणतो. डिस्क बिडाची असते आणि सहाशे-सातशे अंशांच्या वर तापून गेलेल्या जागी बिडाची रचनाच बदलते, तिथे कडक गाठ तयार होते. लेथने वरचा थर निघतो, गाठ खाली खोल असते, बाकीची डिस्क तिच्यापेक्षा लवकर झिजते आणि थोड्याच दिवसांत तीच जागा पुन्हा उंच. पैसे, वेळ दोन्ही वाया. शिवाय डिस्क गाडीवरून काढून लेथवर धरली आणि परत हबवर बसवली की बसण्यातला फरक येतोच. गाडीवरच चढवून चालणारी लेथ मिळाली तर गोष्ट वेगळी.

म्हणून डिस्क नवीन घ्या आणि जोडी घ्या. उजवी चांगली आहे हे खरं, पण एका बाजूला नवी एका बाजूला जुनी ठेवली तर दोन्ही चाकांची पकड वेगळी पडते, ब्रेकला गाडी ओढते. पॅडही दोन्ही चाकांचे एकदम, हे तर कधीच सोडू नका. उजव्या बाजूच्याही पिना काढून बघा, तिकडे अजून धरल्या नसतील पण रबर तेवढंच जुनं आहे.

पॅड कुठले, यावर लोक तासन्‌तास भांडतात. माझं मत साधं आहे, गाडीला कंपनीने जे दिलेत त्याच जातीचे घ्या. ऑरगॅनिक पॅड मऊ, शांत, डिस्कला जपणारे, पण लवकर झिजतात आणि फार तापले की पकड सोडतात. सेमी मेटॅलिकमध्ये तीसेक टक्क्यांपासून साठ-पासष्ट टक्क्यांपर्यंत धातू असतो, ते उष्णता चांगली सोसतात, ओझं वाहणाऱ्या किंवा डोंगर उतरणाऱ्या गाडीला ठीक, पण आवाज करतात, डिस्क खातात, चाक काळं करतात. सिरॅमिक शांत आणि त्याची धूळ फिकट, चाकाला कमी चिकटते, म्हणून नट_बोल्ट खूष आहेत, ते चुकीचं नाही. पण स्वस्तातल्या कितीतरी पॅडवर सिरॅमिक हा नुसता छापलेला शब्द असतो. नाव वाचण्यापेक्षा पॅडच्या कडेला छापलेला कोड वाचा. बऱ्याच पॅडवर शेवटी दोन इंग्रजी अक्षरं असतात, ईई, एफएफ, जीजी अशी. पहिलं अक्षर साध्या तापमानातली पकड, दुसरं तापल्यावरची. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ ०.३५ ते ०.४५, जी ०.४५ ते ०.५५. एफई दिसलं तर समजा तापल्यावर पकड घसरते. रोजच्या गाडीला एफएफ भरपूर झाला. अक्षरावरून झीज किंवा आवाज कळत नाही एवढं लक्षात ठेवा. युरोपातल्या नियमाचा आर ९० शिक्का असेल तर अजून बरं, त्यात बदली पॅडची पकड मूळ पॅडच्या पंधरा टक्के इकडेतिकडेच असावी लागते.

भोकांच्या आणि चिरांच्या डिस्क रोजच्या गाडीला नकोत. भोकांच्या कडेने बारीक तडे जातात, चिरा पॅडला किसतात. जाळीचं चाक आहे म्हणून शोभेला हव्या असतील तर तुमची मर्जी, थांबायचं अंतर त्याने कमी होत नाही.

नट_बोल्ट

म्हणजे फिरून फिरून मी सांगितलं तेच ना, सगळं बदला 😄

मोजूनमाप

हो सगळं बदला, पण तुमच्या पद्धतीने पॅड आणि डिस्क बदलून ती धरलेली पिन तशीच आत राहिली असती आणि वर्षभरात नवी डिस्क पण निळी झाली असती. उत्तर एक आलं तरी गणित वेगळं आहे साहेब.

चाकधर

काळेहात तुम्ही सांगितलंत तसं सगळं आणलं, पिनांचं रबर किटपण. आता काम घरी करायचं म्हणतो. कुठे सांभाळायचं तेवढं सांगा, बाकी मॅन्युअल आहे हाताशी.

काळेहात

करा, अवघड नाही, पण ब्रेक आहेत, घाई नको आणि एका वेळी एकच बाजू उघडा म्हणजे काही विसरलं तर दुसरी बाजू बघता येते.

गाडी सपाट जागी, मागच्या चाकांना ओंडके, नट जमिनीवरच असताना सैल करायचे, मग जॅक आणि जॅकनंतर स्टँड. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून कुणी चाकात डोकं घालत असेल तर मी त्याच्याशी बोलत नाही. धूळ फुंकू नका, हवा मारू नका, ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा, ती नाकात जायची वस्तू नाही.

कॅलिपर सुटला की तो होजवर लोंबकळू देऊ नका, तारेने स्प्रिंगला बांधा. होज आतून फाटला की बाहेरून दिसत नाही, आतला रबरी पापुद्रा झडपेसारखा वागतो, दाब जातो पण परत येत नाही, आणि मग लोक कॅलिपर बदलत बसतात.

पिस्टन आत ढकलण्याआधी त्याचं रबर पुसा, फाटलं नाहीये ना बघा. सी-क्लँप आणि जुना पॅड मध्ये धरून हळूहळू दाबा. टाकीतलं ऑइल वर चढेल, आधीच भरलेली असेल तर थोडं काढून ठेवा, सांडलं तर रंग खातं, लगेच पाण्याने धुवा. पिस्टन एकसारखा आत गेला तर ठीक, अडखळला तर कॅलिपरचं किट किंवा कॅलिपरच बदलावा लागेल. पिस्टनभोवती चौकोनी रबरी सील असते, ब्रेक सोडला की तीच पिस्टनला केसभर मागे ओढते, ती कडक झाली की पॅड सुटत नाही.

धरलेली पिन हातोडीने ठोकू नका, गंज सोडवणारं तेल मारून फिरवत फिरवत काढा. पिन खड्डे पडलेली असेल तर नवीन घ्या. भोक आतून साफ करा आणि सिलिकॉन ग्रीस किंवा ब्रेकच्या पिनेसाठी म्हणून जे विकतात तेच लावा, थोडंसंच. साधं पेट्रोलियमवालं ग्रीस लावलंत तर रबर फुगून पिन परत धरते. मला अशा कितीतरी गाड्या आठवतात ज्यांना कुणीतरी चांगल्या हेतूने बेअरिंगचं ग्रीस थापलेलं होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हब. जुनी डिस्क निघाली की हबचा तोंडवळा तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासा, नटाच्या खुंट्यांच्या बुडाशी पण. तिथला बारीकसा कण डिस्कच्या कडेला जाऊन मोठा होतो, मोजूनमाप यांनी सांगितलेला सगळा खेळ तिथून सुरू होतो. डायल गेज असेल तर डिस्क नटांनी आवळून फिरवून बघा, बऱ्याच गाड्यांना ०.०५ ते ०.१० पर्यंत डगमग चालते, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. जास्त आली तर डिस्क एका नटाने पुढे फिरवून बसवून बघा, पुष्कळदा तेवढ्यानेच कमी होते.

नवीन डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेल असतं ते ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजूंनी पुसा. ब्रॅकेटमध्ये, म्हणजे पॅड आणि कॅलिपर ज्या चौकटीत बसतात तिच्यात, जिथे पॅडचे कान सरकतात तिथला गंज काढा, नवीन क्लिपा बसवा. पॅड हाताने सरकला पाहिजे, ठोकून बसवावा लागत असेल तर काहीतरी चुकतंय. पत्र्याच्या मागे आणि कानांना ब्रेकचं ग्रीस पुसटसं, पॅडच्या तोंडाला आणि डिस्कला बोटसुद्धा लागू द्यायचं नाही. इंडिकेटरवाला पॅड कुठे आणि कुठल्या टोकाला ते जुना काढतानाच फोटो काढून ठेवा, बाण असेल तर बाण चाक पुढे फिरतं त्या दिशेला.

टॉर्क मॅन्युअलचाच. कॅलिपरच्या पिनांचे बोल्ट नाजूक असतात, बऱ्याच गाड्यांत २५ ते ३५ न्यूटन मीटर, ब्रॅकेटचे त्याच्या तिप्पट वगैरे. दोघांना एकाच जोराने आवळणारे पिनेचं आटं घालवतात. चाकाचे नट समोरासमोर, आधी हलके मग टॉर्क रेंचने. गन लावून एका नटाला जीव खाऊन आवळलं की नवी डिस्कसुद्धा वाकडी बसते.

आणि चाक लावल्यावर, गाडी सुरू करायच्या आधी, पेडल पंप करा. पिस्टन मागे ढकललेले आहेत, पहिल्या दोन-चार दाबांना पेडल खाली जाणार, ते जागेवर बसलेले असतानाच होऊ द्या. पेडल घट्ट झाल्यावरच गिअर.

बॅटरीवाला

धागा चांगला चाललाय म्हणून मधेच विचारतो. माझी हायब्रिड आहे, मागे पण डिस्क, हँडब्रेक बटणाचा. मागचे पॅड भरपूर आहेत पण डिस्क गंजून खडबडीत झाल्यात, चालवतो तर रोज. असं का? आणि मागचं काम पण क्लँपने दाबून होतं का?

मोजूनमाप

गंजाचं कारण तुमची मोटरच आहे. हायब्रिडमध्ये वेग कमी करायचं बरंचसं काम मोटर जनरेटर होऊन करते, खरे ब्रेक फारसे लागतच नाहीत, त्यामुळे डिस्क घासून स्वच्छ होत नाही. पॅड टिकतात, डिस्क गंजते. रस्ता मोकळा बघून अधूनमधून चांगला दाबून ब्रेक लावायचा, काही गाड्यांत न्यूट्रलमध्ये टाकून दाबला की मोटर मधे येत नाही. हलका गंज तेवढ्याने जातो, खड्डे पडले असतील तर डिस्क बदलणं आलं.

क्लँप मात्र लावू नका. बटणाच्या हँडब्रेकला कॅलिपरवर छोटी मोटर असते, आधी स्कॅनर लावून किंवा मॅन्युअलमधल्या पद्धतीने सर्व्हिस मोडमध्ये टाकून ती मागे घ्यावी लागते. तसंच दाबलंत तर आतला स्क्रू आणि मोटर दोन्ही जातात. तारेचा हँडब्रेक कॅलिपरमध्येच असलेल्या गाड्यांत पिस्टन बहुधा फिरवत फिरवत आत न्यावा लागतो, त्याचं वेगळं टूल मिळतं.

चाकधर

काम झालं. उजवीकडची खालची पिन पण कोरडी निघाली, वेळेत सापडली म्हणायचं. पेडल घट्ट आहे. पण ब्रेक जुन्यापेक्षा जरा कमी पकडतायत असं वाटतं आणि थोडा जळका वास आला. घाबरायचं कारण आहे का? चालवून बघायच्या आधी काही करायचं असतं का?

सावकाश_चाला

नव्या पॅडला हे होतंच, बेडिंग करा. पॅडचा पातळसा थर डिस्कवर सगळीकडे सारखा चढला की खरी पकड येते. मोकळा सरळ रस्ता, मागे कुणी नाही बघून ताशी साठवरून दहापर्यंत, मध्यम जोराने, एबीएस लागेल इतकं नाही, असं आठ-दहा वेळा, प्रत्येकाच्या मध्ये थोडं अंतर चालवून. पूर्ण थांबायचं नाही. शेवटी ब्रेक जवळजवळ न लावता दहा-पंधरा मिनिटं चालवा म्हणजे वारा लागून थंड होतील, आणि गरम असताना हँडब्रेक ओढून उभी करू नका. पॅडवाल्याने पाकिटावर वेगळी पद्धत दिली असेल तर ती पाळा. या दरम्यान वास येणारच, किंचित धूरही दिसेल. एकाच चाकातून सतत येत राहिला आणि ते चाक बाकीच्यांपेक्षा खूप तापलेलं वाटलं तरच परत उघडा.

काळेहात

आणि शंभरेक किलोमीटरनंतर चाकाचे नट परत एकदा टॉर्क रेंचने तपासा, टाकीतलं ऑइल पण बघा. तुमची ती डावीकडची जुनी पिन फेकून द्या, सुट्या सामानाच्या डब्यात ठेवू नका, कधीतरी कुणीतरी ती परत बसवतं.